डाळिंबी झगा

मुलांनो, ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत सनीव्हेलला राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. एका रविवारी दुपारी मी चिनी सिनेमाला गेले, एकटीच, कारण तुमच्या आजोबांना असले सिनेमे आवडत नसत. राजेरजवाड्यांच्या काळातली हलकीफुलकी प्रेमकथा होती आणि हा तिचा दुसरा भाग. संवाद खाली इंग्रजीत उमटत.

शेजारच्या खुर्चीत एक वृद्ध चिनी गृहस्थ होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, मांडीवर वही. नायिका नवे कपडे घालून आली की ते माझ्याकडे झुकून विचारत, "मॅडम, झगा कुठल्या रंगाचा?"

"लाल."

"नुसता लाल? माझी बायको तेवढ्यावर सोडणार नाही."

"मग डाळिंबी लिहा."

ते समाधानाने लिहीत. त्यांना रंग नीट ओळखू येत नसत. पहिला भाग दोघांनी मिळून पाहिला होता. आता बायको महिनाभरापासून हॉस्पिटलात होती आणि संध्याकाळी तिला सगळं सांगायचं होतं.

शेवटी रुसवा सरला, वरात निघाली, तेव्हा मात्र त्यांनी वही मिटली.

"लग्न नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"ते नाही सांगणार. हल्ली जेवण नको, औषध नको म्हणते. लग्न होतं की नाही, ते तिनं स्वतः येऊन बघावं."

बाहेर त्यांनी तिकीटवाल्या मुलीला सिनेमा कधीपर्यंत आहे ते विचारलं आणि शेवटच्या दिवसाची दोन तिकिटं काढली.

मी देवाकडे सहसा काही मागत नाही. त्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी मागितलं.