व्हर्नाचं पोस्टर

सॅस्कॅच्युवान प्रांतातल्या त्या छोट्या गावात लग्नापासून लिलावापर्यंतची सगळी पोस्टरं व्हर्ना कोस्टिकच रंगवायची. गावचं वाचनालय वाचवायला सभा ठरली, तेव्हा तिने लाल रंगात लिहिलं, 'वाचनालय बंद होऊ देऊ नका'. वेळ खाली बारीक अक्षरांत.

सभेला चिटपाखरूही फिरकलं नाही.

"अगं, गाडीतून जाताना 'वाचनालय बंद' एवढंच दिसलं," शेजारचा ओरेस्ट म्हणाला. "म्हटलं, संपलं वाटतं."

व्हर्ना चक्रावली. नव्या पोस्टरवर तिने फक्त 'रविवारी दोनला वाचनालयात या' एवढंच लिहिलं.

रविवारी बसायला जागा उरली नाही. जो तो विचारत होता, "व्हर्ना, आज आहे तरी काय इथे?"

सगळ्यांनी वाचनालय चालू ठेवण्याच्या अर्जावर सह्या केल्या. वाचनालय वाचलं. पण कारण न सांगता माणसं आलीच कशी, हे व्हर्नाला काही केल्या उमगेना.