आंबवड्याचे तात्या फोटोत हलतात

जुन्या काचा पुसायला घेतल्या की काम कधी पुरं होत नाही. एक काच उजेडाला धरावी, तर तिच्यामागे एक किस्सा. तो कुणाला सांगावा, तर ऐकणारा म्हणतो, "आणि ती शेजारची?" सकाळ निघून जाते आणि धूळ तशीच राहते!

भोरच्या बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ. माझ्याकडे सर्वांत जास्त काचा आहेत त्या आंबवड्याच्या तात्यांच्या घरच्या. तात्या शेतकरी, पण डोकं यंत्राचं. नवं यंत्र जुळलं की निरोप यायचा, "अण्णा, कॅमेरा घिऊन या. घरचे समदे उभे करतो."

माझा कॅमेरा जुना, फिल्मऐवजी काचेवर फोटो घेणारा. भिंगावरची टोपी काढायची, मी तीन म्हणेपर्यंत सगळ्यांनी दगड व्हायचं, मग टोपी लावायची. तात्यांना मात्र 'दोन'लाच यंत्रात काहीतरी ढिलं दिसायचं! फोटोत त्यांच्या जागी नुसता धूर. प्रत्येक काचेच्या पाकिटावर मी कोण कुठे उभं आहे ते लिहायचो आणि खाली शेरा मारायचो, 'तात्या हलले.'

त्यांची मुलगी शेवंता कळत्या वयापासून माझ्या मागे लागलेली. "अण्णाकाका, आमच्या तात्याचं तोंड दिसंल असा एक तरी काढा की!"

* * *

ही काच पाखरं हाकायच्या यंत्राची. ओढ्याच्या पाण्याने डबा भरायचा, भरला की कलंडायचा आणि दांडा पत्र्यावर आपटायचा. धाड्! पहिल्या दिवशी खाचरातली पाखरं पार डोंगरापलीकडे गेली म्हणे.

मी फोटोला पोचलो तोवर आठवडा उलटला होता. पाहतो तर यंत्राच्याच बांबूवर चिमण्या ओळीने बसलेल्या. धाड् होतंय, आणि एक उडत नाही!

मी तात्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "भ्याल्यात बगा. उडायची बी ताकद ऱ्हायली न्हाई!"

त्या फोटोत चिमण्या स्वच्छ आल्या आहेत. तात्या हलले.

* * *

शेवंताचा धाकटा भाऊ पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. तात्यांच्या बायकोला, सगुणावहिनींना, एका हाताने ताक घुसळून दुसऱ्या हाताने पाळणा हलवावा लागायचा. तात्यांनी रवीची दोरी अशी काही बांधली की ताक घुसळलं की पाळणा आपोआप हले.

यंत्र उत्तम चाललं. इतकं उत्तम, की पोराला घुसळल्याशिवाय झोपच येईना! घरातलं दही संपलं तरी पोरगं जागंच. मग शेजारणी दारात येऊन विचारू लागल्या, "वहिनी, पोरगं जागं हाय न्हवं? आमचं दही आणलंय!"

* * *

मोटेचा किस्सा त्याहून वरचा. मोट ओढताना बैल उतारावरून पुढे जातो आणि मग तसाच मागे मागे येतो. बैलाला हा उलटा त्रास नको म्हणून तात्यांनी चाक बसवलं. बैलाने नुसतं गोल फिरायचं, पाणी वर.

मी भिंगाच्या टोपीला हात घातला. बैल चार पावलं पुढे गेला, थांबला, आणि जन्माच्या सवयीने मागे मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मोट विहिरीत मध्येच लोंबकळत राहिली!

तात्या म्हणाले, "यंतर बरुबर हाय. बैल जुना हाय."

सगुणावहिनी म्हणाल्या, "नवरा बी जुनाच हाय. कुनाला सांगू?"

* * *

एकदा तात्यांचा एकट्याचा, त्यातल्या त्यात कमी हललेला एक फोटो मी फ्रेम करून दिला. वहिनींनी तो भिंतीवर लावला. दसरा होता. तात्यांच्या सगळ्या हत्यारांना झेंडूच्या माळा घातल्या, एक उरली, ती वहिनींनी कौतुकाने फोटोला घातली.

आमच्याकडे भिंतीवर हार घातलेला फोटो म्हणजे गेलेलं माणूस! वेल्ह्याची मावशी सोनं द्यायला आली, भिंत पाहिली आणि उंबऱ्यातच गळा काढला. तात्या परसात होते. रडणं ऐकून धावत आले, मावशीशेजारी बसले, आपणही डोळे पुसू लागले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "मावशे, कोन गेलं गं?"

मावशीने वर पाहिलं आणि किंचाळली, "तू!"

तात्यांच्या आईने तो फोटो तिथल्या तिथे उतरवून चुलीत घातला. "माज्या जित्या लेकाला भितीवर टांगायचं न्हाई!"

* * *

शेवंताचं लग्न ठरलं ते थेट घाटाखाली. माहेरी कधी येणं होईल कोण जाणे. लढाईचे दिवस, फोटोच्या काचा मिळत नव्हत्या. माझ्याकडे एकच उरली होती. हळदीच्या दिवशी ती घेऊन मी आंबवड्याला गेलो.

शेवंता म्हणाली, "अण्णाकाका, म्या भितीवर न्हाई लावायची. पेटीत ठिवीन. पर तात्याचं तोंड पायजे."

"हात्तिच्या! त्याला यंतर केलंय," तात्या म्हणाले. खुर्चीमागे लोखंडी दांडा, त्याला वर मान अडकवायचा आकडा, खाली गुडघ्यांना पट्टा.

सगुणावहिनी म्हणाल्या, "बरं झालं. नवऱ्याला बी दावं मिळालं!"

अंगणात सगळे उभे राहिले. मधोमध खुर्चीत तात्या. मी बजावलं, "काच एकच आहे. कुणी हलायचं नाही." आणि टोपी काढून घड्याळावर नजर ठेवली.

एक. दोन. गोठ्यात काहीतरी खणकन पडलं. नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं, तात्या जागच्या जागी! तीन.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या आधी फोटो घेऊन पोचलो. तात्यांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. आणि त्यांच्या भोवती त्यांची आई, वहिनी, मुंडावळ्या बांधलेली शेवंता, झाडून सगळे पाहुणे, सगळ्यांच्या तोंडांचा धूर. तात्या हलले का ते बघायला एकूण एक मान त्यांच्याकडे वळलेली!

मी खाली मान घालून उभा राहिलो. शेवंता फोटोकडे बघत राहिली, मग तिने तो पदराखाली धरला. कुणी मागितला तरी देईना. तात्यांनी कसाबसा हातात घेतला, उजेडाला धरला, आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"आता तरी पटलं का, अण्णा? म्या कवाच हलत नव्हतो. ह्येच समदे हलत्यात!"