मैनाचे दिवस कधी भरले?

"मॅडम, आता बास झालं. आज सुई टोचा, नायतर मी बार्शीवरनं दुसरा डॉक्टर आणतो."

दत्ताभाऊ गोठ्याच्या दारात उभे राहून मला दम देत होते. त्यांच्या मागं मैना, म्हणजे त्यांची घोडी, निवांत कडबा खात होती. आम्हा सगळ्यांत घाई नव्हती ती फक्त तिलाच.

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. परंडा तालुक्यात बदली होऊन मला तेव्हा चार-पाच महिनेच झाले होते. गाई, म्हशी, शेळ्या हे आमचं रोजचं. गाभण घोडी वर्षातनं एखादी. म्हणून मैनाकडं मी जरा हौसेनंच जायचे.

घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते. आता यातलं 'साधारण' कुठल्याच मालकाला ऐकू येत नाही. दोन आठवडे अलीकडं होतं, तीन-चार आठवडे पलीकडं जातं. बारा महिने काढून धडधाकट शिंगरू देणाऱ्या घोड्याही असतात. पण दवाखान्याच्या कार्डावरची विण्याची तारीख उलटली की मालकाची झोप उडालीच म्हणून समजा.

मैनाच्या कार्डावर तारीख मीच लिहिली होती, दत्ताभाऊंच्या आईनं सांगितली तशी. अख्खं गाव तिला माय म्हणतं. मैनाला घोडा दाखवायला नेलं तेव्हा दत्ताभाऊ पाय मोडून सोलापूरला दवाखान्यात पडले होते. मायनंच घोडी नेली आणि आणली. त्यामुळं गाभण राहिल्याचा दिवस ठाऊक होता तो तिला एकटीला. मी पहिल्यांदा तपासलं तेव्हा पोट बरंच पुढं गेलेलं. इतक्या उशिरा हात घालून शिंगरू आहे, जिवंत आहे एवढं कळतं. नेमका महिना नाही सांगता येत.

तर कार्डाप्रमाणं अकरा महिने आणि वर वीस दिवस झाले होते. आणि मैनाची कास रिकामी. विण्याच्या दोन-चार आठवडे आधी घोडीची कास भरायला लागते. अगदी शेवटी सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब धरतात, शेपटीच्या मुळाशी मांस सैल पडतं. मैनाचं यातलं एकही लक्षण नव्हतं.

"भाऊ, तिनं अजून कास केली नाही. ती तयार नाही," मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय मी! दिस उलटले तरी कास न्हाय, म्हंजे आत कायतरी बिघडलंय."

त्यांच्या भीतीला कारण होतं. दोन वर्षांखाली त्यांची आधीची घोडी अशीच लांबली. शिंगरू पोटातच गेलं आणि पाठोपाठ घोडीही गेली. एवढा दांडगा माणूस, पण ते सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. आता वीस दिवस ते गोठ्यातच बाज टाकून झोपत होते.

त्यांना हवं होतं ते कळा आणायचं इंजेक्शन. गाईला ते बऱ्याचदा चालून जातं. घोडीचं तसं नाही. शिंगराची फुप्फुसं अगदी शेवटच्या दिवसांत तयार होतात. त्याआधी बाहेर काढलं तर ते जन्मतं, धाप टाकतं आणि चार पायांवर उभं राहायच्या आधी मरतं.

मी पुन्हा तपासलं. माझा हात लागताच शिंगरानं पाय मागं ओढला. जिवंत होतं, चपळ होतं. मी म्हटलं, थांबू या.

दत्ताभाऊंनी कुणाला फोन लावला देव जाणे, पण दहा मिनिटांत मला माझ्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, काय अडचण आहे?"

"सर, घोडी तयार नाही."

"तारीख काय म्हणते?"

"तारीख उलटलीय."

"मग? उद्या काही झालं तर लेखी खुलासा कोण देणार, तुम्ही का मी?"

खरं सांगते, मी ढिली पडले. एका बाजूला तारीख, मालक आणि साहेब, दुसऱ्या बाजूला एक रिकामी कास. वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. मी पेटी उघडली आणि सिरिंजमध्ये औषध ओढलं.

तेवढ्यात मायनं माझा दंड धरला. "बाई, जरा हिकडं या."

"माय, आत्ता नको. काम करू द्या."

"कामाचंच हाय."

तिनं मला ओढतच कडब्याच्या गंजीमागं नेलं. "ती सुई टोचू नगा. मैनाचे दिस भरले न्हायती."

"अहो, कार्डावर…"

"त्ये म्या सांगितलेलं खोटं हाय. महिनाभर आधीचा दिस सांगितलाय."

"पण का?"

"मागल्या बारीला साऱ्या गावाला दिस ठाऊक व्हते. रोज कुणी ना कुणी यायचं, लई भारी घोडी, लई भारी घोडी म्हणायचं. लागली नजर. म्हणून म्हणलं, औंदा महिनाभर आधीचाच दिस सांगावा. बघणारे येतील, कट्टाळतील, जातील. मग ती सुखानं मोकळी व्हईल."

"पण मी डॉक्टर आहे ना! मला तरी खरं सांगायचं!"

"तुमच्या कार्डावर लिवलं की दत्ता वाचणार. आन् त्येच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

मी आधी सिरिंजमधलं औषध मातीत सोडलं. मग मात्र माझा तोल सुटला. "माय, आत्ता माझ्या हातानं तुमचं शिंगरू मेलं असतं! कळतंय का?"

तिनं दोन्ही कान धरले. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. "चुकलं बाई. लई चुकलं."

मी दत्ताभाऊंना सांगणार होते, पण तिनंच पुढं होऊन सांगितलं. ते ओरडले, "अगं माय! वीस दिस डोळ्याला डोळा न्हाय माझ्या!" आणि मटकन गव्हाणीवर बसले. "मॅडम, म्हंजे आत समदं नीट हाय?"

"नीट आहे. फक्त वेळ झालेली नाही."

त्यावर ते तोंड पुसत असे हसत सुटले, की मैनानंही कडबा सोडून मान वर केली. माझाही जीव भांड्यात पडला. साहेबांना फोन करून कळवलं, सर, तारीखच चुकली होती. "कुणाची?" म्हणाले. मी म्हटलं, "कार्डाची."

दहा-बारा दिवसांनी कास भरायला लागली. मेणाचे थेंब दिसले तसं मी सगळ्यांना गोठ्याबाहेर काढलं. घोडी मोठी लाजरी. माणसं अवतीभवती घुटमळत असली की कळा थोपवून धरते. म्हणजे बघ्यांच्या बाबतीत मायचं अगदीच काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. "मॅडम, उभं राह्यलं!" मी पोचले तर तांबडं शिंगरू लुटुलुटु चालत सडाशी ढुशा देत होतं. विल्यानंतर पडायची वारही सबंध पडली होती. शिंगरू बघायला गावातलं कुणीसुद्धा नव्हतं. महिनाभर आधीच येऊन सगळे कंटाळून गेले होते. दत्ताभाऊंनी माझ्या हातावर गूळ ठेवला, आणि माय शिंगराच्या पाठीवरनं हात फिरवत नुसती रडत होती.

आता गाभण जनावराची तारीख लिहिण्याआधी मी घरातल्या म्हातारीला बाजूला घेते आणि विचारते, "ही खरी, का लोकांना सांगायची?" बऱ्याच जणी हसतात आणि मग दुसरीच सांगतात. पण सगळा दोष मायवर टाकून मला सुटता येत नाही. खोटं सांगितलं ते तिनं. मैना तर रोज खरंच सांगत होती. तिची रिकामी कास मी स्वतःच्या हातानं चाचपली होती, आणि तरी सिरिंज भरली होती.