विस्तिनचा खांदा

आमच्या शेजारचा विस्तिन इतका मवाळ माणूस, की रश्श्यासाठी ससा मारायचा असला तर ते काम त्याची बायको जूझा करायची आणि हा तेवढा वेळ चर्चमध्ये जाऊन बसायचा. मात्र गोझो बेटावरच्या आमच्या गावात उत्सवाला संताची मूर्ती खांद्यावर घेणाऱ्या आठ जणांत तो असे. मान ताठ करून चालायचा तो वर्षातून त्या एकाच दिवशी.

मग जूझाला ल्युपस झाला. तिचं शरीर स्वतःचंच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मारू लागलं, त्यामुळे जरासा धक्का लागला तरी काळानिळा डाग उठे. कोणी विचारलं तर ती खरं तेच सांगे, कपाटाचं दार लागलं म्हणून. पण आमच्या गावात मार खाणारी प्रत्येक बायको कपाटाचंच नाव सांगत आली आहे. तिने आजार समजावून पाहिला, तर बायकांना तिची आणखीच कीव आली. बेकरीवाला विस्तिनला करपलेला पाव देऊ लागला.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी चेन्सा त्यांच्या घरी आली. तिचा नवरा साल्वू मूर्ती उचलणाऱ्यांचा मुख्य. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. बायकोला मारणाऱ्याचा खांदा संताखाली नको, असं सगळ्यांचं ठरलंय म्हणाली. "मी तिला कधी मारलेलं नाही," एवढं सांगून विस्तिन सशांना पाला घालायला निघून गेला. जूझा त्याच्यामागे जाऊ लागली, तसा चेन्साने तिचा दंड घट्ट धरला.

"घाबरू नकोस गं. आम्ही सगळ्या तुझ्या पाठीशी आहोत."

सकाळी जूझा बिनबाह्यांचा झगा घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभी. नन्सनी आम्हाला दंड झाकायला शिकवलेलं, म्हणून मी शाल पुढे केली. तिने घेतली नाही. दंडावर पाच जांभळी बोटं उमटली होती, आणि एका बोटाच्या मुळाशी अंगठीचा रुंद पट्टा.

"साल्वू," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "यावर आधी विस्तिनचा हात ठेवून बघ. मग तुझ्या बायकोचा."

विस्तिनचा हात लहान पडला. चेन्साने आपला पाठीमागे नेला, पण ती अंगठी साल्वूनेच घडवून घेतलेली.

"तू हिला मारलंस?" त्याने विचारलं.

"नुसतं धरलं. तेही मायेने."

"मारलं नाही, हे विस्तिनही सांगत होता," साल्वू म्हणाला आणि त्याने मूर्तीच्या पालखीचा आठवा दांडा विस्तिनकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दांड्याने विस्तिनचा खांदा काळानिळा झाला होता. बेकरीत शर्टाची कॉलर ओढून त्याने तो सगळ्यांना दाखवला आणि कोणी न विचारताच सांगितलं, कपाटाचं दार लागलं.