शेठनं दाखवलेला सिनेमा

"काहून?" हा तिचा आवडता शब्द. नाकावरचा पदर खाली ओढायचा, तोंडात गेलेला कापूस थुंकायचा आणि समोर मुकादम असो की शेठ, विचारायचं, "काहून?" दारव्ह्याजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये सगळ्या तिला याडी म्हणायचो. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई.

मशीनमध्ये कापूस टाकायचं आमचं काम. शेजारच्या मशीनवर दोन गडी हेच काम करायचे, पण त्यांची रोजी आमच्यापेक्षा जास्त. मुकादम म्हणायचा, "त्यायच्यावर घर चालते."

"काहून? माह्यावर काय देऊळ चालते?"

महिला दिनाला शेठनं गोदामात पडदा लावला. त्यांच्या पोरानं बायकांचा म्हणून कुठला तरी सिनेमा आणला. आधी पाहायची तसदी कोण घेणार? सिनेमा निघाला बिस्किटाच्या कारखान्यातल्या बायांचा. माणसांइतकी रोजी द्या म्हणून त्या काम बंद पाडतात! पुढच्या खुर्चीत पेढा खाणारे शेठ ताडकन उठले. "बंद कर रे ते!"

"काहून?" अंधारातून आवाज आला. "पुरा पाहू द्या ना शेठ. आज आमचा सण होय."

गोदामभर हशा झाला. शेठला बसावंच लागलं.

सिनेमातल्या बाया जिंकल्या. याडी थेट शेठपुढे गेली. "त्यायले भेटलं, मंग आमाले काहून नाही?"

"अगं, तो सिनेमा आहे."

दुसऱ्या दिवशी एकाही बाईनं मशीनला हात लावला नाही. कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत तुंबल्या. शेठनं पोलिसांचा धाक घातला, मग आमचे नवरे समजवायला पाठवले. याडीनं नवऱ्यांनाही फाटकाबाहेर बसवलं. शेवटी शेठ नमले. रोजी सारखी झाली.

पुढच्या हंगामात बायांना आणणारी जीप याडीच्या फाट्यावर थांबलीच नाही. डोक्याला फडकं बांधून, डबा घेऊन ती उभी होती. आम्ही पत्रा बडवला, ड्रायव्हरला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "मले कायले बोलता? त्या बाईले आनू नको, असं शेठनं सांगतलं."

जिनं मिळवून दिलं तिलाच काम नाही. आजही आठवलं की माझं डोकं भणभणतं. हे कोणत्याच सिनेमात दाखवत नाहीत.

जीप पुढे गेली. धुरळ्यातून ती ओरडत होती, "गड्यायच्या बराबरीनं घेजा, बायांनो! एक रुपया सोडू नका!"