भाचीची भूक

माझा धाकटा भाऊ आसगावात धानाची शेती करायचा. मी पवनीत शिक्षिका होते. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. भावाची मुलगी दुसरीत शिकायची. एका हिवाळ्यात तिचा ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. भंडाऱ्याहून तिला नागपूरला पाठवलं आणि तिथं रक्ताचा कॅन्सर निघाला.

औषधं सुरू करण्याआधी आहार सांगणाऱ्या बाईंनी तिचं वजन केलं, दंडाला फीत लावली.

"पोर फार खंगली आहे. औषध सोसायला अंगात ताकद लागेल," त्या म्हणाल्या.

एवढं ऐकलं आणि माझी वहिनी मटकन खाली बसली. "मी काय उपाशी ठेवली जी तिले? ताट पुढं केलं का तोंड फिरवे. एकदा तं मारलंही मी."

त्या बाई तिच्याजवळ फरशीवरच बसल्या. "ती नखरे नव्हती करत. या आजारात भूकच मरते. तुमचं काही चुकलं नाही."

वहिनीला ते पटलं नव्हतं.

मी रजा काढून त्यांच्यासोबत दवाखान्याजवळच्या खोलीत राहिले. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनी सल्ले सुरू केले. अंडी गरम पडतात, मासे बंद करा. वहिनीने सगळं बंद केलं. साधं वरण आणि भात, तेवढंच. औषधांनी पोरीचं तोंड आलेलं. दोन घास जेमतेम जायचे. वजन आणखी उतरलं, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि डॉक्टरांना पुढचा डोस लांबवावा लागला.

वहिनीने मला विचारलं, "बाई, आता मी कोणाचं आयकू?"

"जिनं तुझ्या पोरीचं वजन केलं, तिचं."

आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. अंडी, मासे, सगळं चालेल, त्यांनी सांगितलं. फक्त पूर्ण शिजलेलं, ताजं हवं. बाहेरचं नको, शिळं नको.

"घरी तिला काय आवडायचं?"

वहिनीने आठवून सांगितलं, "कणकीची पेज."

"मग त्यातच अंडं शिजवा."

भावाने गावाहून कणकी, म्हणजे तांदळाचा चुरा, आणून दिली. वहिनीने ती मऊ शिजवली, अंडं फेटून घातलं, चांगलं उकळू दिलं आणि कोमट करून भरवलं. पोरीने दोन चमचे घेतले अन् ओकली. वहिनीने तिचं तोंड पुसलं, वाटी घासली आणि थोड्या वेळाने नवी पेज चढवली.

"आई, नोको ना."

"एकच चमचा, माय."

असे कितीतरी दिवस एकेका चमच्यावर गेले. मग एका दुपारी पोरगी घोट घेऊन म्हणाली, "मीठ कमी हाये."

वहिनी माझ्याकडे बघत हसली आणि मीठ घ्यायला उठली, ती डोळ्यांना पदर लावतच.

डोस पुन्हा सुरू झाले. उपचार लांबले, शाळेचं वर्ष वाया गेलं, पण पोरगी त्यातून निघाली.

नंतरच्या एका पावसाळ्यात मी आसगावला गेले, तेव्हा शेतात धानाची रोवणी चालली होती. पोरगी शेताच्या धुऱ्यावरून ओरडत आली, "आई, भूक लागली! किती वेळ लावून राहिली?"

वहिनीने हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तिथंच टाकली आणि चिखल तुडवत धानाच्या बांधीबाहेर आली. रोवणाऱ्या बाया हसल्या. तिने कोणाकडे पाहिलंच नाही.