चौदा सप्टेंबर आणि आमचे अंकल

कॅलेंडरातल्या एकाही तारखेला ज्यांनी सुखानं नुसती तारीख राहू दिलं नाही, असे माझ्या माहितीत एकच गृहस्थ आहेत: रोज सकाळी शारजाहून माझ्या गाडीत बसणारे वसईचे अंकल. मी त्यांना दुबईतल्या त्यांच्या हॉटेलवर सोडतो, मुलीला कॉलेजवर आणि मग स्वतः ऑफिसला जातो. वाटेत ट्रॅफिक ठरलेला असतो, आणि त्या ट्रॅफिकात अंकल मोबाइल नाकाशी धरून दिनविशेष वाचतात. वाचतात म्हणजे जाहीर करतात. आज अमुक राजा गादीवर बसला, आज तमुक पूल कोसळला. गाड्या जागच्या हलत नसतात आणि अंकल मात्र शतकांमागून शतकं ओलांडत असतात.

बरं, हे गाडीपुरतं राहिलं असतं तर ठीक. आमच्या लग्नाची तारीख पंधरा एप्रिल आहे असं कळताच ते माझ्या बायकोचा हात हातात घेऊन म्हणाले, "व्हेरी गुड! ह्याच दिवशी टायटॅनिक बुडाली." तेव्हापासून ती त्यांना चहा अर्धा कपच देते. उलट व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या एका क्लार्कला त्यांनी सांगितलं, की तुझ्या वाढदिवशी माणूस चंद्रावर उतरला होता. तो इतका खूश झाला, की "यल्ला, अंकल, खलास!" म्हणजे चला, झालंच, असं म्हणत त्यानं त्यांचा अर्ज सगळ्यांच्या आधी उरकला. वाईट बातमी आणि चांगली बातमी असा भेद अंकलच्या मनात नव्हताच. तारीख जुळली की त्यांचा चेहरा उजळायचा.

हॉटेलच्या रिसेप्शनवर तर रोज पासपोर्ट अंकलच्या हाताखालून जायचे. प्रत्येक पाहुण्याला खोलीच्या चावीबरोबर त्याच्या जन्मतारखेचा इतिहासही मिळायचा. गेल्या डिसेंबरात एक म्हातारं अमेरिकन जोडपं आलं. नवऱ्याची जन्मतारीख निघाली चौदा सप्टेंबर. योगायोग असा, की त्याच आठवड्यात अंकलनी वाचलं होतं: व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत जन्मतारखांची लॉटरी काढली, तीत पहिली तारीख आली चौदा सप्टेंबर. आता इथे मॉलमॉलमध्ये लकी ड्रॉची चकचकीत मोटार उभी असते. लॉटरी म्हणजे बक्षीस, हेच आमच्या अंगात मुरलेलं. अंकल काउंटरवरून वाकून म्हणाले, "सर, यू आर अ व्हेरी लकी मॅन! फर्स्ट नंबर!"

"नि तो बघतच राहिला रे," संध्याकाळी परतताना गाडीत अंकल मला सांगत होते. "चावी घेतली नि गेला. थँक यूसुद्धा नाही."

मागच्या सीटवर मुलीनं कानातली बोंडं काढली. "अंकल, दॅट वॉज नॉट अ प्राइझ," ती म्हणाली. "दे वर पिकिंग बॉइज फॉर द आर्मी. ज्याची डेट आधी, तो वॉरला आधी."

अंकलनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.  शारजात उतरताना मला म्हणाले, "त्या तारखेला काहीतरी चांगलं झालं असेल ना? बघ ना जरा आठवून." मला आठवला तो शाळेतला हिंदी दिवस, दर चौदा सप्टेंबरला आम्हाला उन्हात उभं करून भाषणं ऐकवायचे. "चालेल," अंकल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ते त्या म्हाताऱ्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. मॅनेजर लांबून बघत होता. पाहुण्यानं तक्रार केली असती, तर निवृत्तीच्या तोंडावर अंकलची नोकरी गेली असती. "सर, काल माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमच्या तारखेला आमच्याकडे हिंदी दिवस असतो."

म्हातारा म्हणाला, "मग बोला काहीतरी हिंदीत."

अंकलची हिंदी म्हणजे वसईनं मुंबईला दिलेला त्रास. ऐन वेळी त्यांना काही सुचेना. सुचलं ते एकच शुद्ध वाक्य, जुन्या टीव्हीवर चित्र गेलं की पडद्यावर यायचं ते: "रुकावट के लिए खेद है."

अर्थ विचारल्यावर त्यांनी इंग्रजीत सांगितला: अडथळ्याबद्दल दिलगीर आहोत.

म्हातारा आधी हसला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोलायला लागला. लॉटरी निघाली त्या संध्याकाळी तो आणि त्याचे मित्र हॉस्टेलवर टीव्हीसमोर बसले होते. पहिलीच चिठ्ठी निघाली ती ह्याची. मित्र खो खो हसले, आणि मग एकेक करून त्यांच्याही तारखा निघत गेल्या. हा युद्धावर गेला, परत आला. त्यातले दोघं आले नाहीत. "तुमचं ते वाक्य," तो अंकलना म्हणाला, "आम्हाला कुणीतरी म्हणायला हवं होतं."

त्याच्या बायकोनं अंकलना खुर्ची सरकवून दिली. ड्यूटीवर पाहुण्यांशेजारी बसायची परवानगी नसते. अंकल बसले. मॅनेजर दुसरीकडे बघायला लागला.

दिनविशेष ते अजून वाचतात, पण मनातल्या मनात. मुलीला ते फारसं रुचत नाही. ट्रॅफिक तुंबला की ती पुढे वाकून विचारते, "अंकल, व्हॉट हॅपन्ड टुडे?"

अंकल एकदा मोबाइलकडे बघतात आणि तो खिशात घालतात. "आज काही नाही, बेबी," ते म्हणतात. "आज सगळे आपापल्या घरी होते."